ऑप्टिकल ड्राइव्हची वॉर्निंग: तीन मशीनच्या कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

जुन्या सीडी-डीव्हीडींचा मोठा साठा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा आहे. त्यासाठी तीन जुने डेस्कटॉप मिळाले. तिन्हींतला ऑप्टिकल ड्राइव्ह, म्हणजे सीडी-डीव्हीडी वाचणारा भाग, साटा या जोडणीने मदरबोर्डला लावलेला. नोंदींपुरतं त्यांना अ, ब आणि क म्हणतो. अ आणि ब वर विंडोज, क वर लिनक्स.

आज तिन्ही नुसते चालू करून पाहिले.

अ: काळ्या पडद्यावर ‘ड्राइव्ह नॉट फाउंड: सिरियल एटीए, साटा-१’, खाली ‘एफ१ दाबून पुढे जा, एफ२ दाबून सेटअप उघडा’ अशा अर्थाची ओळ. मशीन तिथेच उभं. एफ१ दाबलं की मुकाट्याने विंडोज सुरू.

ब: हीच वॉर्निंग, पण कधी येते, कधी नाही.

क: बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, काहीच तक्रार करत नाही. लिनक्स चढताना मात्र पडद्यावर एररच्या ओळी सरकत राहतात आणि लॉगिन यायला फार वेळ लागतो.

आधी ही मशीन वापरणाऱ्यांना फोन केला. म्हणाले, “अहो, ते पहिल्यापासून तसंच आहे. एफ-वन दाबायचं, पुढे जायचं.” आपल्याला ते परवडणारं नाही. रात्री चेकसम (प्रत बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा) तपासणं आणि बॅकअप चालणार. मध्येच वीज जाऊन आली तर मशीनने आपलं आपण उठून कामाला लागायला हवं. एफ१ ची वाट बघत बसलेलं मशीन सकाळपर्यंत बंद असल्यासारखंच.

६ फेब्रुवारी

अ उघडलं. मदरबोर्डवर साटाची चार सॉकेट, शेजारी ० ते ३ आकडे छापलेले. हार्ड डिस्क ० वर. ऑप्टिकल ड्राइव्हची केबल २ वर. १ रिकामं. वॉर्निंग नेमकी १ बद्दल.

मग बायोसच्या सेटअपमधलं ड्राइव्हचं पान उघडलं. तिथे प्रत्येक पोर्टला, म्हणजे सॉकेटला, ऑन किंवा ऑफ असं सेटिंग आहे: ० ऑन, १ ऑन, २ ऑफ, ३ ऑफ. आधी कोणीतरी ड्राइव्ह बदलताना केबल जवळच्या सॉकेटला लावली असणार आणि सेटअप उघडलाच नसणार.

या जातीच्या बायोसमध्ये चालतं ते असं. चालू होताना बायोस शाळेतल्या बाईंसारखा हजेरी घेतो. पटावर नाव आहे आणि ‘हजर’ आलं नाही की वॉर्निंग. वर्गात बसलेल्या पण पटावर नसलेल्या मुलाची मात्र तो दखलच घेत नाही. अ मध्ये दोन्ही झालं होतं. पोर्ट १ चं नाव पटावर होतं पण जागा रिकामी होती, आणि पोर्ट २ वर ड्राइव्ह होता पण पटावर नव्हता. म्हणून तर विंडोजमध्येही ड्राइव्ह दिसत नव्हता. वॉर्निंग वाचून ड्राइव्हच बदलायला घेतला असता तर नवा ड्राइव्हही दिसला नसता.

थोडक्यात, वॉर्निंगमध्ये आकडा असतो तो पोर्टचा. ड्राइव्ह चांगला की वाईट, हे त्या ओळीत कुठेही लिहिलेलं नसतं.

१ ऑफ केलं, २ ऑन केलं, सेव्ह करून बाहेर. वॉर्निंग गेली, विंडोजमध्ये ड्राइव्ह आला, ट्रेही उघडतो.

७ फेब्रुवारी

ब दिवसभर अधूनमधून रीस्टार्ट करत राहिलो. वॉर्निंग एकदाही नाही. आज मशीन सकाळपासून चालूच होतं, त्यामुळे थंड असताना काय होतं ते कळायचं राहिलं. रात्री मेन स्विच बंद करून ठेवतो.

८ फेब्रुवारी

ब, सकाळी मेन स्विच टाकून चालू केलं. वॉर्निंग हजर. कंट्रोल-आल्ट-डिलीट करून रीस्टार्ट केलं, वॉर्निंग गायब. पूर्ण बंद करून थोड्या वेळाने परत चालू केलं, पुन्हा वॉर्निंग.

थंड सुरुवातीला येणारी आणि रीस्टार्टला न येणारी वॉर्निंग असली की मी आधी वीजपुरवठा तपासतो. रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज तुटत नाही. तो आधीच जागा असतो, हार्ड डिस्कही फिरत असते. थंड सुरुवातीला मात्र सगळं एकाच वेळी उठतं. हार्ड डिस्कची मोटर वेग घेते, ऑप्टिकल ड्राइव्ह लेन्सची गाडी जागेवर नेतो, आत डिस्क आहे का ते फिरवून बघतो. सगळ्यात जास्त करंट याच काही सेकंदांत ओढला जातो आणि हजेरीही याच सेकंदांत होते.

कॅबिनेट उघडल्यावर संशय बळावला. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आलेल्या जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरला एक स्प्लिटर (एका टोकाची दोन टोकं करणारी केबल) लावला होता आणि त्याच्या दोन साटा टोकांवर हार्ड डिस्क आणि ऑप्टिकल ड्राइव्ह दोन्ही. त्या मोलेक्समध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. ऑप्टिकल ड्राइव्हची मोटर मुख्यतः १२ वर चालते, इलेक्ट्रॉनिक्स ५ वर. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये ३.३ व्होल्टचीही जागा आहे, पण मोलेक्सवरून आलेल्या अशा जोडणीत ती वायरच नसते. ऑप्टिकल ड्राइव्हला तिची गरजही नसते, त्यामुळे तिथे दोष शोधण्यात अर्थ नव्हता.

मल्टिमीटरची काळी सळई कॅबिनेटला लावली, लाल सळई ऑप्टिकल ड्राइव्हच्या कनेक्टरला मागून, लाल वायरच्या खाचेत. मीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून थंड सुरुवात केली. किमान ४.५१ व्होल्ट. एटीएक्स या डेस्कटॉपच्या मानकाप्रमाणे ५ व्होल्टची रेल (पुरवठ्याची वाहिनी) ४.७५ च्या खाली जायला नको. मीटर सेकंदात मोजकीच मापं घेतो, तेव्हा खरी घसरण याहून खोल असू शकते. नंतर एसएमपीएसच्या दुसऱ्या, मोकळ्या मोलेक्सवर तेच माप घेतलं. किमान ५.०२. म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, व्होल्टेज वाटेत पडतंय.

वाट म्हणजे स्प्लिटर. मोलेक्स ओढून काढला तो अगदी सहज निघाला, एरवी हाताची ताकद लावावी लागते. आत लाल वायरची नळीसारखी पिन फाकलेली, आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. सैल सांध्यातून करंट गेला की सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. असे स्प्लिटर, विशेषतः ज्यांची साटाकडची बाजू एकाच ओतीव प्लास्टिकची असते ते, मी शक्य तिथे वापरतच नाही. आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार त्यांच्यात होतात.

एसएमपीएसला साटाची दोन थेट टोकं होती, केबलच्या गुंडाळीत बांधून ठेवलेली. ती सोडवून डिस्क आणि ड्राइव्हला एकेक लावली. स्प्लिटर कचऱ्यात. थंड सुरुवातीला किमान ४.९६. वॉर्निंग नाही. उद्या सकाळी पुन्हा बघायचं.

९ फेब्रुवारी

ब: सकाळी थंड सुरुवात, वॉर्निंग नाही.

आता क. लिनक्सचा फायदा हा की तो काय होतंय ते ओळीओळीने लिहून ठेवतो. डीमेसग ही आज्ञा चालवून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला आणि एटीएच्या, म्हणजे डिस्क-ड्राइव्हच्या जोडणीच्या, ओळी वेगळ्या केल्या. दोन प्रकारच्या निघाल्या. एक, ‘एटीए२: लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड’ आणि तिच्या मागोमाग ‘कॉमरिसेट फेल्ड’. दुसरी, ‘आय/ओ एरर, डेव्ह एसआर०, सेक्टर’ आणि पुढे आकडा. एसआर० हे लिनक्समधलं ऑप्टिकल ड्राइव्हचं नाव, सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा.

इथे एक गफलत हमखास होते. मदरबोर्डवर पोर्ट शून्यापासून मोजलेत, कर्नल एटीए पोर्ट एकपासून मोजतो. कर्नलचं एटीए२ म्हणजे इथे बोर्डावरचं १. मशीनमध्ये दुसरा कंट्रोलर (पोर्ट सांभाळणारी चिप) असेल तर हा हिशेबही चालत नाही. म्हणून आकड्यावर विसंबू नये. त्याच लॉगमध्ये एटीए२ च्या पुढे ड्राइव्हचं मॉडेल छापलेलं असतं, ते ड्राइव्हच्या अंगावरच्या लेबलशी ताडून बघावं. ताडलं, ऑप्टिकल ड्राइव्हच होता.

दोन ओळी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली तारेची आहे. कंट्रोलर लिंक जागी करायला कॉमरिसेट हा इशारा पाठवतो, समोरून वेळेत उत्तर आलं नाही की ही ओळ पडते. दुसरी ओळ येते तेव्हा तारेवरचं बोलणं होऊन गेलेलं असतं. ड्राइव्हने आज्ञा ऐकलेली असते, पण डिस्कवरचा सेक्टर त्याला वाचता आलेला नसतो.

सेक्टर वाचायचा तर आत डिस्क हवी. ट्रे उघडला. आत एक डीव्हीडी, वर कागदी लेबल चिकटवलेलं आणि त्याची एक कड उचललेली. असलं लेबल डिस्कचा तोल बिघडवतं. वेग वाढला की डिस्क थरथरते, ड्राइव्ह वेग कमी करतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा हरतो. मशीन चालू झालं की सिस्टीम आत कोणती डिस्क आहे हे ओळखायला सुरुवातीचे सेक्टर वाचते, आणि तिथेच अडकून बसायची. डिस्क काढली. सेक्टरच्या ओळी गेल्या, लॉगिन लवकर आलं.

तारेच्या ओळी उरल्याच. डेटा केबल पाहिली. ड्राइव्हच्या मागे जागा कमी म्हणून ती काटकोनात दाबून बसवलेली, कनेक्टरला लॉकची पट्टी नाही, बोटाने हलवली तर डुलते. साटाचे आतले कनेक्टर फक्त ५० वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. तपासणीच्या मशीनवर फिरलेली केबल ते आयुष्य केव्हाच संपवते. लॉकवाली, थोडी लांब केबल लावली, वळणाला मोकळी गोलाई दिली. लॉग स्वच्छ.

कर्नलला लिबएटीए-फोर्स हा पर्याय देऊन तो पोर्ट बंदही करता येतो. ड्राइव्ह नकोच असेल तर तो रास्त उपाय आहे. आपल्याला ड्राइव्ह हवा आहे.

१२ फेब्रुवारी

अ पुन्हा. शनिवार-रविवार मेन स्विच बंद होता. आज चालू केलं तर साटा-१ ची तीच वॉर्निंग. एफ१ दाबलं तर या वेळी विंडोजही नाही, निळा पडदा आणि कोड शून्य-एक्स-सात-बी. म्हणजे विंडोजला ज्या डिस्कवरून उठायचं तीच सापडत नाही.

सेटअप उघडला. घड्याळ कित्येक वर्षं मागे. पोर्ट १ पुन्हा ऑन, २ पुन्हा ऑफ. साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता तो आता जुना आयडीई. सगळं कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेलं होतं. विंडोज एएचसीआयवर बसवलेलं असताना मोड असा पालटला तर सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर तयार नसतो, त्यातून हा सात-बी येतो. अशा वेळी घाबरून विंडोज नव्याने टाकायला घेणारे पाहिलेत. मोड परत एएचसीआय केला, विंडोज जसंच्या तसं उठलं.

कारण घड्याळ आणि सेटिंगं राखणारा मदरबोर्डवरचा सेल. सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. मीटरवर २.३८ आले. मेन स्विच चालू असेपर्यंत, मशीन बंद असलं तरी, एसएमपीएस बोर्डला थोडी स्टँडबाय वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. म्हणून आठवडाभर काही कळलं नाही. दोन दिवस प्लग मेला आणि सेलवर भार आला तेव्हा सगळं उडालं. नवा सेल टाकला, ३.२६ व्होल्ट.

त्याच वेळी ऑप्टिकल ड्राइव्हची केबल २ वरून काढून १ वर आणली. ६ तारखेची सेटिंगं चालत होती, पण ती सेलवर अवलंबून होती. आता पुढे कधी सेल गेलाच तरी मूळ सेटिंग आणि वायरिंग जुळलेलं राहील, निदान ही वॉर्निंग तरी येणार नाही. मोडचा प्रश्न उरतोच, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: ‘साटा मोड एएचसीआय ठेवणे.’

१३ फेब्रुवारी

ब: बायोस गप्प, पण विंडोजमध्ये ड्राइव्हवर पिवळं उद्गारचिन्ह, कोड ३९. कारण जुनं डिस्क बर्न करायचं सॉफ्टवेअर काढून टाकताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, मागे राहिलेल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी. आधी रजिस्ट्रीतल्या त्या भागाची प्रत काढून ठेवली, मग दोन्ही नोंदी पुसल्या, रीस्टार्ट. चालू. याचा आणि वॉर्निंगचा काही संबंध नव्हता.

१५ फेब्रुवारी

क वर वाचन सुरू केलं. सीडी झटपट वाचतो. डीव्हीडी टाकली की घरघर, पुन्हा घरघर, शेवटी ‘नो मीडियम’. वेगवेगळ्या डीव्हीडी टाकून पाहिल्या, ब वर त्याच डिस्क सुरळीत वाचल्या जातात.

सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. ड्राइव्हमध्ये दोन्हींची वेगळी सोय असते, त्यामुळे एक थकून दुसरा ठणठणीत असणं नेहमीचं आहे. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने, अजिबात न दाबता पुसली. धूळ निघाली, पण डीव्हीडी वाचेना. ड्राइव्ह बदलला.

बायोसने या ड्राइव्हबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. हजेरीला ‘हजर’ म्हणायला लेझर लागत नाही, सर्किट बोर्ड शाबूत असला की पुरे. काढलेल्या ड्राइव्हवर ‘फक्त सीडी’ असं लिहून कपाटात ठेवला.

१६ फेब्रुवारी

सहकाऱ्याने सुचवलं की काही बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ असं सेटिंग असतं, ते ‘नो एरर्स’ करून टाकावं म्हणजे कुठल्याच वॉर्निंगला मशीन थांबणार नाही. क मध्ये ते आहे. केलं नाही. त्याच सेटिंगने इतर बिघाडांच्या सूचनाही गप्प होतात. रात्रभर एकट्याने चालणाऱ्या मशीनचा सीपीयूचा पंखा बंद पडला तर ते थांबलेलंच बरं. ‘ऑल बट कीबोर्ड’ ठेवलं, कारण क ला कीबोर्ड लावलेला नसतो.

बूटच्या क्रमात तिन्हींवर ऑप्टिकल ड्राइव्ह शेवटी नेला. साठ्यात जुन्या इन्स्टॉलेशनच्या डिस्क भरपूर आहेत. सीडीवरून बूट करण्याची एल टोरिटो ही पद्धत १९९५ ची, आणि तिच्याप्रमाणे डिस्कच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये बूटची नोंद असते. बायोसला ती दिसली की तो डिस्कवरचा प्रोग्राम चालवतो. काही डिस्क कळ दाबण्यासाठी थोडं थांबून बाजूला होतात, काही मेनू दाखवून बसून राहतात. ट्रेमध्ये अशी डिस्क राहिली आणि रात्री वीज जाऊन आली तर सकाळी मेनू बघायला मिळेल.

२० फेब्रुवारी

तिन्हींवर ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ हे सेटिंग लावलं. काल संध्याकाळी मेन स्विच बंद केला, आज सकाळी टाकला. कुठल्याच कळीला हात न लावता तिन्ही उठले. अ चं घड्याळ बरोबर. ब ची ५ व्होल्ट रेल पुन्हा मोजली, किमान ४.९७. क च्या लॉगमध्ये ऑप्टिकल ड्राइव्हची एकच सरळ ओळ, मॉडेलचं नाव आणि लिंकचा वेग १.५ गिगाबिट. हार्ड डिस्कची लिंक ३ वर आहे, पण ऑप्टिकल ड्राइव्हला १.५ भरपूर होतो, त्यामुळे तो आकडा कमी दिसला म्हणून केबल बदलत बसू नये.

बाकी: ब च्या एसएमपीएसचा पंखा सुरू होताना किरकिरतो. कपाटातल्या ड्राइव्हला यूएसबीची जोडणी लावून फक्त सीडींसाठी चौथी जागा करता येईल. यूएसबीवरचा ड्राइव्ह साटाच्या पटावर येत नाही, त्यामुळे तो काढला-लावला तरी बायोस विचारणार नाही. डिस्कचा पहिला खोका उद्या अ वर घ्यायचा.